दारावरची डॉक्टरीण

"माणूस मेल्याशिवाय त्याचां भूत होत नाय, हा सृष्टीचा नियम हाय. सृष्टी येकवेळ नियम मोडेल, पन भुतां मोडायची नायत," असं घनगंभीर आवाजात म्हणत आप्पा गुरव गोपाळकृष्ण मास्तरांच्या घरात शिरले, आणि त्यांचा उजवा पाय खरकट्या भांड्यांच्या बादलीत गेला.

यात आप्पांची चूक नव्हती. त्यांना मागच्या दाराने आणलं होतं, आणि मागच्या दारात बादल्याच असायच्या. पुढच्या दाराने आणायची सोय नव्हती. मास्तर शाळेत विज्ञान शिकवत आणि दरवर्षी अंधश्रद्धेवर व्याख्यान देत. व्याख्यान चांगलं असे. आप्पांनीही एकदा ऐकलं होतं. टाळ्याही वाजवल्या होत्या.

आप्पांची हयात एसटीत कंडक्टरकी करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी, मिरजोळ्याला बसून वाडवडिलांचं काम बघत. देवाला गाऱ्हाणं घालायचं, कुणाला लागलं-बाधलं तर उतरवायचं. दोन्ही कामांत खणखणीत आवाज हेच भांडवल, त्यामुळे फारसं नवीन काही शिकावं लागलं नव्हतं.

"काय होतां पोरीला?" पाय पुसत त्यांनी विचारलं.

"जेवत नाही, झोपत नाही," मास्तरांच्या पत्नी कुसुमताई म्हणाल्या. "जेवायला हाक मारली तर म्हणते, 'मनस्विनीला भूक नाहीये.' स्वतःबद्दल हो! जशी काही ही दुसरीच कोणी."

"आणि बंद खोलीतून आवाज येतो," मास्तर कुजबुजले. "'पुढचा पेशंट' म्हणून."

"डाक्तरला दाखवलात?"

मास्तरांनी उठून आधी खिडकी लावली. गावात मनोरुग्णांचं इस्पितळ असण्याचा एक तोटा असतो. सगळ्या शहाण्यांना तिकडचा रस्ता पाठ असतो, आणि त्या रस्त्याला कोण वळलं हेही.

"कुणी बघितलं म्हणजे? गेल्या वर्षी नीटमध्ये थोडक्यात राहिली. आता परत परीक्षा तोंडावर आलीय. तुमचं कसं, भूत एकदा निघालं की निघालं. अभ्यासाला लागता येतं."

मुलीला भूत लागलेलं मास्तरांना परवडत होतं. भूत काही झालं तरी बाहेरचं असतं. त्यात घराण्याचा दोष नसतो.

खोलीत दुपार होती, पण दुपारसारखी नव्हती. खिडक्यांवर सूत्रांचे पिवळे कागद चिकटवलेले, त्यांतून गाळून आलेलं ऊन कावीळ झाल्यासारखं दिसत होतं. मनस्विनी टेबलाशी बसली होती. ती बसली होती खुर्चीच्या अगदी कडेला, अर्धी खुर्ची मोकळी सोडून. बसमध्ये शेजारच्याला जागा द्यावी तशी.

आप्पांनी दार लोटलं, तेव्हा दाराच्या आतल्या अंगाला पितळी पाटी दिसली. 'डॉ. मनस्विनी, एम.बी.बी.एस.' कोरलेल्या अक्षरांत जुनं कुंकू सुकून बसलं होतं. आप्पांनी सहज हात लावला. पाटी कोमट होती. ऊन तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

"ही काय भानगड?"

"क्लासच्या सरांनी सुचवलं, ध्येय सतत डोळ्यांसमोर हवं," मास्तर जरा अभिमानाने म्हणाले. "दहावीच्या निकालालाच करून घेतली. दसऱ्याला शस्त्रांबरोबर तिचीही पूजा करतो. झेंडू वाहतो, नारळ देतो. एक वर्ष चुकवलेलं नाही."

आप्पांनी पाटीवरचा हात झटकन मागे घेतला. त्यांच्या पणज्याने शिवेवरचा राखणदार असाच बसवला होता. दगड उभा करायचा, त्याला नाव द्यायचं, नारळ द्यायचा आणि वर्ष चुकवायचं नाही. काही वर्षांनी दगड जागा होतो. मग आपलं मागणं मागायला लागतो.

त्यांनी मुठीत तांदूळ घेतले आणि ठेवणीतला आवाज लावला. "कोन तू?"

"डॉक्टर मनस्विनी," मुलगी म्हणाली. आवाज नम्र होता, स्वच्छ होता, पण तिचा नव्हता.

"ऱ्हातेस कुठं?"

"इथेच. दारावर."

"मेलीस कधी?"

"मी अजून झालेच नाहीये."

आप्पांच्या मुठीतले तांदूळ आपोआप खाली सांडले. इतकी वर्षं ते मेलेल्यांशी बोलत आले होते. मेलेल्यांचं एक बरं असतं, त्यांना काही व्हायचं बाकी नसतं. पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून त्याचा जन्मभराचा मंत्रच बाहेर पडतो.

"पुढं सरका!" आप्पा ओरडले. "दारात गर्दी करू नका!"

मनस्विनीच्या ओठाचा एक कोपरा हलला. क्षणभर डोळ्यांत एक दमलेली, चेष्टेखोर पोर दिसली. मग ती पुन्हा आत गेली.

"काय हवांय तुला?" आप्पांनी विचारलं. या वेळी आवाज ठेवणीतला नव्हता.

"बसायला जागा. ही उठत नाही. निकालाच्या दिवशी उठते म्हणालीय. कायमची."

कुसुमताई ओरडल्या नाहीत. पुढे आल्या, मोकळ्या सोडलेल्या अर्ध्या खुर्चीवर बसल्या आणि गर्दीत धरावा तसा त्यांनी लेकीचा दंड धरला.

"हे भूतच बोलतंय ना, आप्पा?" मास्तर म्हणाले. असं आशेने कुणी कधी भुताबद्दल विचारलं नसेल. "भूतच ना?"

"मास्तर, ह्या दारावरचां तुमी बसवलंत, ता मी न्हेतो. पन उठायचां म्हणतेय ती तुमची पोर. बसल्याला उठवणां माझां काम. उठाया निघालेल्याला बसवणां डाक्तराचां. आज. आत्ताच्या आत्ता."

"पण परीक्षा..." मास्तर म्हणाले. कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते वाक्य कायमचं अर्धं राहिलं.

पाटी मास्तरांनीच काढली. खाऱ्या हवेने स्क्रू गंजले होते आणि लावताना त्यांनी ते अंगातला सगळा जोर लावून पिळले होते. पेचकस पुन:पुन्हा घसरत होता. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा दारावर एक कोरा चौकोन उरला. त्याच्याकडे बघत मास्तर हातात स्क्रू घेऊन उभे राहिले.

"मागच्या दाराने..." ते पुटपुटले.

"तिथे बादल्या आहेत," कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या दाराची कडी काढली.

शेजारच्या ओट्यावर हफीजाचाची आमसुलं वाळत घालत होत्या. "कुठे गो, येवढ्या उन्हाची?"

"हिला डॉक्टरकडे नेते, चाची. मनाच्या."

लोक काय म्हणतील, या धास्तीने मास्तर महिनाभर झोपले नव्हते. लोक म्हणाले, "थांब गो, उन्हात उभी राहू नको. आमच्या कैफला रिक्षा काढायला सांगते."

कैफने रिक्षा काढली. मनस्विनी आईला टेकून बसली, आणि मास्तर पुढे कैफशेजारी, निम्मे बाहेर. व्याख्यानाला जाताना ते असे कधीच बसले नव्हते.

आप्पांनी पाटी पंचात गुंडाळून पिशवीत घातली आणि मिरजोळ्याची बस धरली. दिवस मावळायच्या आत ती शिवेवर पुरायची होती. खिडकीशी जागा मिळाली. बस मारुती मंदिराच्या पुढे गेली तेव्हा कंडक्टर आला.

"मिरजोळे दोन," आप्पा म्हणाले.

"दोन?" कंडक्टर हसला. तो आप्पांच्याच हाताखाली तयार झालेला. "बरोबर कोण आहे?"

आप्पांनी बाजूला पाहिलं. पिशवी खिडकीशी ऐसपैस बसली होती. ते स्वतः सीटच्या अगदी कडेला होते, एक पाय वाटेत. असं कधी बसलो, हे त्यांना आठवेना. खिडकीतून वारा येत होता आणि पिशवीचं तोंड जरा उघडं पडलं होतं, कुणी बाहेर बघावं तसं.

सीटांमधल्या वाटेत मासळीची रिकामी टोपली घेऊन एक बाई उभी होती.

"आप्पा, तुम्हाला मी काय सांगायचं?" कंडक्टर संकोचून म्हणाला. "पण तेवढी पिशवी मांडीवर घ्या. मावशीला बसू दे."