बिनकाचेची पाटी

मी पाटी बोलतेय. मला वायरीने कॉम्प्युटरला जोडतात, माझ्यावर पेन फिरवतात आणि चित्र समोरच्या मॉनिटरवर उमटतं. दुकानात ड्रॉइंग टॅबलेट म्हणतात. मला स्वतःची काच नाही की उजेड नाही. काळं प्लास्टिक, बस्स. छातीवर हा आडवा चरा दिसतोय ना? तो कारखान्याने दिलेला नाही. तो सुऱ्याचा आहे.

साच्यातून निघाले, खोक्यात गेले आणि दुकानाच्या खालच्या फळीवर येऊन पडले. वरच्या फळीवर मोठ्या घरच्या बसायच्या. जाडजूड, काचेच्या, चित्र त्यांच्याच अंगावर दिसायचं. एक बाई आली. एकदा वर बघे, एकदा खाली.

"मॅडम, खालची शिकणाऱ्यांसाठी," दुकानदार म्हणाला. "कामाच्या माणसाने वरची घ्यावी."

"मी शिकतेच आहे अजून. खालची द्या."

ती पोलीस ठाण्यात कामाला होती. सगळे तिला चित्रवाली म्हणायचे. मार खाल्लेली, लुटलेली माणसं तिच्याजवळ बसून वर्णन सांगायची आणि ती हल्लेखोराचं तोंड काढायची. माझ्या अंगावर किती नालायकांची थोबाडं उमटली, काही विचारू नका.

तिची रीत साधी होती. खुर्चीला खुर्ची लावायची, दोघांनी मान वर करून मॉनिटरकडे बघायचं. तिचा हात खाली माझ्यावर.

"नाक रुंद?"

"अजून थोडं. हां, बास."

चेहरा असा दोघांच्या मधे तयार व्हायचा.

मग मोठ्या साहेबांना ठाण्याची शान वाढवायची हौस आली. वरच्या फळीवरची एक काचवाली पाटी आणली. जावई आल्यासारखं तिचं कौतुक! मी टेबलाच्या कोपऱ्यात गेले, माझ्यावर चहाचे कप आले. अंगावर गोल डाग पडले. पडू दे म्हटलं, वाईट वाटायला वेळ कुणाला आहे?

त्या दिवसांत गावात एक राक्षस सुटला होता. बायका एकट्या दिसल्या की समोरून यायचा आणि तोंडावर सुरा ओढून पळायचा. पहिली सापडली ती एक कॉलेजची पोर. ओठापासून कानापर्यंत गाल उघडा पडला होता. टाके घालून तिला आणून बसवली.

चित्रवाली काचवालीवर वाकली. मॉनिटर बंद, चित्र खाली काचेवर, मग मान खालीच जाणार की. पोरीला दिसत होतं काय? हिचे केस आणि हिचा हात. पोर थोडं बोलली, मग गप्प झाली. ही मात्र काढत सुटली. पापण्या काढल्या, गालावरची सावली काढली, कातडीवरची रंध्रं काढली. काच मोठी लाघवी असते, हात थांबू देत नाही. शेवटी काच फिरवून दाखवली तर चित्र कसलं, फोटोच!

"असेल," पोर म्हणाली. टाके ओढत होते बिचारीचे.

साहेबांनी त्या 'असेल'चं 'आहे' केलं आणि खांबाखांबावर चित्र चिकटवलं.

चित्रासारखा दिसणारा निघाला दूधवाला. लोकांनी त्याला सायकलवरून खेचला. त्याच्याच क्रेटने त्याचं तोंड फोडलं, जबडा मोडला, खाली पाडून बरगड्यांवर नाचले. सगळ्यात पुढे होता कोपऱ्यावरचा किल्लीवाला. त्यानेच दूधवाल्याला कॉलर धरून ठाण्यापर्यंत फरपटत आणला. रक्ताचा पट्टा आमच्या पायरीपर्यंत होता. दूधवाला बेडीसकट दवाखान्यात गेला आणि किल्लीवाल्याला बाहेर बाकावर चहा मिळाला.

तेवढ्यात गर्दी चुकवून मागच्या दाराने इस्त्रीवाली आली. तिच्यावरही सुरा चालला होता, पण तिने पातं हाताने धरलं होतं. उजव्या हाताचं गाठोडं झालं होतं पट्ट्यांचं.

"बाई, चित्र बघा, हो म्हणा आणि घरी जा," साहेब म्हणाले. "माणूस पकडलाय."

"हा नाही."

"नीट बघा. घाबरला असाल तुम्ही."

"घाबरले असते तर सुरा धरला असता का? त्याच्या तोंडाचा वास आलाय मला, इतका जवळ होता. हा नाही म्हणजे नाही."

साहेबांचा पारा चढला. "मग दुसरा कोण ते सांगा! बाहेर लोक पेटलेत. आत्ता चेहरा मिळाला तर ठीक, नाहीतर दूधवाल्यावर गुन्हा दाखल करतो." दार आपटून गेले.

चित्रवाली काचवालीवर वाकली. "सांगा, मावशी."

"कुणाला सांगू? तुझ्या डोक्याला? काय काढतेस ते दिसू तर दे गं मला!"

पोरीच्या वेळी काय झालं ते चित्रवालीला तिथंच कळलं. तिने माझ्यावरचे कप उचलले, बाहीने मला पुसलं, वायर जोडली, मॉनिटर लावला आणि खुर्ची इस्त्रीवालीच्या खुर्चीला भिडवली.

"कपाळ पुढे आलेलं," इस्त्रीवाली मॉनिटरकडे बघत म्हणाली. "अजून. भुवई मधे तुटलेली. मेल्याचा खालचा ओठ जाड. दाब ना, अशी काय गोंजारतेस!"

पेन माझ्यावर असं चाललं, की कातडं सोलून निघावं. खोडत होती, पुन्हा काढत होती. इस्त्रीवालीने मूठ इतकी आवळली की पट्टीतून रक्त यायला लागलं.

"थांब! हात लावू नको आता. हाच तो मुडदा."

दार उघडलं. किल्लीवाला रिकामा कप घेऊन आत आला. "साहेब माझा फोटो काढणार होते ना?"

त्याचा फोटो मॉनिटरवर तयारच होता.

दूधवाल्याला सगळ्यांच्या आधी का बडवला, ते तेव्हा कळलं. दुसऱ्याच्या गळ्यात फास पडला की हा मोकळा. कप फुटला. किल्ल्यांच्या पिशवीतून सुरा निघाला आणि तो इस्त्रीवालीवर धावला. चित्रवालीने मला उचलून मधे घातलं. पातं माझ्या छातीतून आडवं गेलं, वायर तुटली, मॉनिटर खाली आदळला.

मी सुरा अडवला, पण त्याला पाडलं इस्त्रीवालीने. डाव्या हाताने काचवाली उचलली आणि हाणली त्याच्या तोंडावर. नाक फुटलं. पुन्हा हाणली. दात पडले. काचेचा चुरा झाला. काचवालीचं वजन तेवढं कामी आलं.

साहेब धावत आले. "अहो, सरकारी सामान ते!"

"हे घ्या तुमचं सामान," ती जमिनीवरच्या किल्लीवाल्याकडे बोट करून म्हणाली. "आणि दूधवाल्याची बेडी काढा आधी."

बेडी निघाली. जबडा मात्र तारेने बांधलाय, दूध नळीने पितो. चित्रवाली भेटायला गेली तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. बरोबरच केलं. तिने परत येताना खांबाखांबावरची चित्रं नखांनी खरवडून काढली. बोटं सोलून निघाली तरी थांबली नाही.

माझी उजवी बाजू आता मेली. तिकडे पेन टेकवलं तर काही उमटत नाही. तरी मी तिच्या टेबलावरच असते आणि माझ्यावर कुणी कप ठेवत नाही. माझ्या शेजारी नवी आलीय, माझ्यासारखीच बिनकाचेची. दुकानदाराने टोमणा मारला होता म्हणे, "मॅडम, अजून शिकताच आहात?"

"हो," ती म्हणाली. चित्रवालीने पैसे मोजले.

तुम्ही काचवाली घ्या नाहीतर माझ्यासारखी, ती तुमची हौस. पण चेहरा दुसऱ्याच्या आठवणीतला असेल तर मान वर ठेवा, त्याला बघू द्या. आणि तो 'असेल' म्हणाला तर पेन खाली ठेवू नका.