अण्णांनी कोंबडा खाल्ला

राजमतीला बालवाडी काढायची होती आणि ती निघणार की नाही, हे तेरशीच्या संध्याकाळी ठरणार होतं. सासऱ्यांनी तशी मुदतच घालून दिली होती. आठ दिवस सोप्यात गल्लीतली चार पोरं जमवून दाखव, घराला त्रास नाही झाला तर बघू, असं त्यांचं म्हणणं. जयसिंगपूरला माहेरी असताना तिने लहान मुलांना शिकवायचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. त्याचा कागद लग्नापासून ट्रंकेच्या तळाशी पातळांखाली पडून होता, आणि तो आठवला की तिला रडू यायचं.

सासरे म्हणजे धनपालअण्णा. शाहूपुरीत गुळाची अडत, शुक्रवार पेठेत घर, आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा जैन धर्म. राजमती त्यांना मामा म्हणे, बाकी सगळी पेठ अण्णा म्हणे. माणूस मनाने चांगला, पण नियमाला असा चिकट की दिवस मावळल्यावर तोंडात पाण्याचा थेंब जायचा नाही, मग प्राण कंठाशी येवोत. त्यांची नजर अधू झाल्यापासून सूर्यावर पाळत ठेवायचं काम समोरच्या धोंडुबाईच्या नातीकडे होतं. वय वर्षं पाच, नाव शालू; पण तिचा रुबाब बघून सगळे तिला शालूबाई म्हणत. परसातल्या धुण्याच्या दगडावर उभी राहून ती ओरडायची, "हाय अजून! कौलावर हाय!" मग अण्णा निवांत जेवत.

पहिल्याच दिवशी राजमतीने पोरांसाठी माती आणली. अण्णा कडाडले, "मातीत किती जीव असत्यात, ठावं हाय? पोरांस्नी शिकीवतीस का जीव चिरडतीस?"

माती गेली. दुसऱ्या दिवशी तिने कणीक काढली, तर सासूबाई, अक्काताई, आडव्या आल्या. रेशनचा गहू, त्याचे बैल करायचे म्हणजे काय! शेवटी राजमतीने गिरणीत जात्याभोवती सांडलेलं, कागद चिकटवायच्या खळीला नेतात ते पीठ मागून आणलं. त्यात कीड पडू नये, नाहीतर पुन्हा जीव आलेच, म्हणून निम्म्याला निम्मं मीठ घातलं आणि गोळा घट्ट मळला. आता बोला म्हणावं!

पोरं खूश झाली. गुंडू नुसते सापच करायचा, कारण साप वळला की झाला. राजमतीची तीन वर्षांची श्यामला काहीच करत नव्हती, गोळा चाटून तोंड वाकडं करायची आणि पुन्हा चाटायची. शालूबाईने मात्र चार दिवस खपून एकच कोंबडा केला. पाय तुटायला लागले म्हणून तिने त्याला अंड्यावर बसवला. तुऱ्याला मुरड घालून तो कुंकवाने रंगवला, हळदीने पोट. राजमतीने सगळी जित्राबं तव्यावर मंद आचेवर खरपूस वाळवून चुलीजवळ ताटलीत ठेवली.

मधेच एकदा गुंडूने दुसऱ्या पोराच्या घोड्याची मान मुरगळली, ती नेमकी अण्णांनी पाहिली. त्यांनी पोरांना समोर बसवलं.

"आकार दिला की त्यात जीव आला म्हणायचं," अण्णा बोट नाचवत म्हणाले. "पिठाचा कोंबडा जरी मोडला, तरी खऱ्या कोंबड्याचं पाप लागतंय. कळलं का?"

"कुणालाबी लागतंय?" शालूबाईने विचारलं.

"कुणालाबी."

आणि राजमतीकडे वळून म्हणाले, "बघ. ही असली मोडतोड होणार असंल, तर शाळा आपल्या घरात न्हाय."

त्यामुळे तेरशीला राजमतीचा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी चौदस, म्हणजे अण्णांचा कडक उपास. आज दिवस असताना दोन घास पोटात गेले नाहीत, तर थेट परवा सकाळी. आणि नेमका आजच अडतीत गुळाचा सौदा लांबला. अक्काताई बस्तीत, म्हणजे जैन देवळात, दर्शनाला गेलेल्या. राजमती आडावर पाणी शेंदत होती. शालूबाई दगडावर चढून ओरडत होती, "निम्मा ऱ्हायलाय! अण्णा, पळा!"

अण्णा पळतच आले. स्वयंपाकघरात अंधार, चष्मा अडतीत विसरलेला, पोटात कावळे. चुलीजवळच्या ताटलीत हाताला काहीतरी लागलं. अर्धगोल, खरपूस, कडेला मुरड घातलेलं. कानवला! सुनेने उपासाच्या आदल्या दिवशी गोडाचं केलं, या विचाराने त्यांना भरून आलं असावं. त्यांनी मोठ्ठा घास तोडला.

राजमती घागर घेऊन आत आली, तेव्हा अण्णा डोळे मिटून, दोन्ही गाल फुगवून थरथरत उभे होते आणि हातात कोंबड्याचं बूड होतं.

"थुंका, मामा, थुंका!"

अण्णा परसात धावले, थुंकले, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पाणी! दिवस हाय का गं अजून?"

राजमतीने तांब्या पुढे केला. शालूबाई दगडावरून खाली वाकली. तिने अण्णांच्या हातातलं पिवळं पोट पाहिलं, मग अण्णांचे कुंकवाने लाल झालेले ओठ पाहिले.

"माझा कोंबडा कुणी खाल्ला?"

"ते मागनं! दिवस हाय का सांग!"

"आदी कोंबडा."

"शालूबाई, सांग की बाई," राजमती काकुळतीला आली. बालवाडी तर बुडालीच होती, आता म्हातारा माणूस तोंडात मिठाची खाण घेऊन रात्र काढणार.

शालूबाईने हाताची घडी घातली आणि सूर्याकडे पाठ केली.

"मी खाल्ला!" अण्णा गरजले. "मी खाल्ला कोंबडा!"

समोरच्या खिडकीत धोंडुबाईचं डोकं आलं. "व्हय अण्णा? ह्या वयात?"

शालूबाईने सावकाश मान वळवली. "हाय. नखाएवढा."

त्या नखाएवढ्या सूर्यात अण्णांनी तीन तांबे पाणी रिचवलं. जेवण राहिलंच. राजमतीला इतकं हसू आलं की तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"खऱ्याचं पाप लागलं," शालूबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुमीच म्हनलासा."

अण्णा सोप्यात गेले, पोरांच्या तरटावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "दे गं थोडं पीठ. देतो हिला करून."

अक्काताई बस्तीतून आल्या तेव्हा नवरा कंदिलाच्या उजेडात जीभ दातात धरून कोंबडा वळत होता. त्या दारातच उभ्या राहिल्या. कोंबड्याची मान बसेना. बसली की लवंडायची. गुंडू कुजबुजला, "ही तर गुळाची ढेप हाय."

"एका दिसात येत नसतंय, अण्णा," शालूबाईने समजूत घातली. "मला चार दिस लागलं."

अण्णांनी मान पुन्हा एकदा चिकटवून पाहिली. ती पडली. वर न बघताच त्यांनी विचारलं, "राजमती, किती वाजता भरती गं तुझी शाळा?"

"आठला, मामा."

"मग अडत उद्या धाला उघडंल."

"या की," शालूबाई म्हणाली. "पर येताना पोटभर खाऊन या."