तीन नंबरच्या मशीनचा तक्ता

मित्रांनो, जगाला शिस्त लावण्यासाठी माझा जन्म झाला. म्हणजे, बदनापूरजवळच्या एका बियाणे कारखान्यातल्या तीन नंबरच्या मशीनला. ती पाकिटं भरायची आणि मी तिच्यासमोर भिंतीवर टांगलेला असायचो. मी एक जुना नियंत्रण तक्ता आहे, म्हणजे पाकिटांच्या वजनावर नजर ठेवणारा आलेख.

मला कारखान्यात गुणवत्ता बघणाऱ्या नरहर सरांनी आखलं. पंचवीस दिवस दर तासाला पाच पाकिटं तोलून त्यांनी सरासऱ्या काढल्या. मशीन नीट असतानाही वजन किती इकडेतिकडे होतं ते पाहिलं. मग तीन रेषा ओढल्या: मधली सरासरीची, वरची आणि खालची मर्यादेच्या. मॅनेजर रामप्रसादांना रेषा गोल आकड्यांवर हव्या होत्या. सर म्हणाले, "रेषा आपण नाही ठरवत, मशीन ठरवते."

माझ्यावर दर तासाच्या सरासरी वजनाचे ठिपके मांडायच्या दैवशालाबाई. त्या रोजंदारीवर होत्या आणि कायम होण्याची वाट पाहत होत्या. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायच्या, पदराने माझी धूळ पुसायच्या आणि मगच ठिपका द्यायच्या. तसं मला नंतर कुणी पुसलं नाही.

एके दिवशी सकाळपासून सलग सात ठिपके मधल्या रेषेच्या खाली पडले. बाईंनी मशीन बंद केली. रामप्रसाद धावत आले.

"सगळे लाइनीच्या आत हायत ना बाई? मंग मशीन कायला बंद केली?"

"आत हायत साहेब, पन सातही एकाच अंगाला बसून राह्यले. पंगतीत बी असं कोनी बसत न्हाई."

"काही निघालं न्हाई तर उद्यापासून घरीच बसा!"

बाईंनी पेन्सिल तेवढी घट्ट धरली.

नरहर सरांनी मशीन उघडली. झडपेत सुतळीचा तुकडा अडकला होता. त्यामुळे झडप पुरती उघडत नव्हती आणि पाकिटात बियाणं कमी पडत होतं.

"बिलकुल बराबर केलं आपण," रामप्रसाद सर्वांना म्हणाले. "बाईला कायम करून टाकू!" मला हार घातला. त्याची ओली फुलं घासून ते सातही ठिपके पुसले गेले.

पुढे सर निवृत्त झाले, भिंतीवर स्क्रीन आली आणि मी कपाटामागे गेलो. स्क्रीन चुकत नाही म्हणतात. तिच्याकडे कुणी बघतही नाही.

मित्रांनो, यंत्र असो की माणूस, एकाच अंगाला झुकू लागलं तर तेव्हाच विचारा. रेषेबाहेर जाईपर्यंत थांबू नका.

दैवशालाबाईंना साहेबांनी खरंच कायम केलं. कायमची जागा फक्त कँटीनमध्ये रिकामी होती. त्या चहा करतात.