टाकीतली हळद

शशिकांत सरांना जिवाणूंमधलं काही कळत नाही, हे मसाटच्या आमच्या कारखान्यात दारावरच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. सर पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनियर, आधी धाग्याच्या कारखान्यात मॅनेजर होते. धागा मरत नाही, त्यामुळे तिथे त्यांचं निभावलं. इथे आम्ही जिवाणू खत बनवतो. तुरीच्या मुळांवर बारीक गाठी येतात, त्यांत हे जिवाणू राहतात, हवेतला नत्र ओढून झाडाला देतात, आणि झाड त्यांना साखर पुरवतं. टाकीत त्यांची वाढ करायची, भुकटीत मिसळायचं, पाकिटं भरायची. पाकिटांचं खातं माझ्याकडे आहे, म्हणून एवढं मलाही कळतं. सर मात्र जिवाणूंना ‘माल’ म्हणतात.

हा माल कावेरीचा. कावेरी लॅबमध्ये, तळोद्याकडची, एमएस्सी झालेली आणि तोंडाने फटकळ. आईच्या शेतातल्या तुरीच्या गाठी फोडून तिनेच हे जिवाणू वेगळे केले होते. दिवाळीनंतर तिला कायम करायचं शेठनी कबूल केलं होतं. घर तिच्याच पगारावर चालायचं, त्यामुळे तिचा जीव त्या नोकरीत अडकलेला.

दसऱ्याला यंत्रांची पूजा सगळ्याच कारखान्यांत होते. झेंडूची माळ घालावी, नारळ फोडावा आणि घरी जावं. पण सरांना शेठाणींवर छाप पाडायची होती. कावेरी सणाला गावी गेलेली. सरांनी टाकीचं झाकण उघडायला लावलं आणि शेठाणींना आत हळद-कुंकू आणि फुलं वाहायला लावली, वर नारळाचं पाणीही ओतलं. शेठाणी बिचकल्या, आत चालतं का म्हणून विचारू लागल्या. सर म्हणाले, शुभच असतं. लॅबला विचारून घ्या असं मी म्हटलं, तर त्यांनी मला आणखी फुलं आणायला पिटाळलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, पण इथे बैल दुसऱ्याचा होता.

तेवढ्यावर भागलं नाही. मूळ जिवाणूंच्या काचेच्या नळ्या लॅबच्या फ्रिजमध्ये असतात. टाकी नासली तर त्यांतूनच पुन्हा सुरुवात करायची. सरांनी नळ्यांचा ट्रे काढून खिडकीत ठेवला आणि फ्रिजमध्ये स्टाफसाठीचं श्रीखंड घातलं. श्रीखंड दह्याचं, आणि दही हेही जिवाणूंचंच काम. ते जिवाणू गारव्यात बसले आणि आमचे ऑक्टोबरच्या उन्हात. श्रीखंड संपलं, सर सुट्टीला पुण्याला गेले, आणि ट्रे खिडकीतच राहिला.

कावेरी परतली तेव्हा टाकीला आंबूस वास येत होता. हळदीफुलांबरोबर गेलेले बाहेरचे जंतू जिवाणूंसाठी घातलेल्या साखरेवर माजले होते. नळ्या सुकून गेल्या होत्या. त्यांतलं घेऊन तिने वाढवून पाहिलं, काहीच उगवलं नाही. काय काय झालं होतं ते मी तिला सांगितलं. 

सरांनी शेठना परस्पर कळवलं, की पोरगी नळ्या नीट ठेवून गेली नाही. मग तिला बोलावून माफीनामा लिहायला सांगितलं, नाहीतर कायम होणं विसर म्हणाले. वर हळूच विचारलं, शेठाणींचं नाव घ्यायची हिंमत आहे का? मला किळस आली. शेठाणींच्या पदराआड लपणारा हा माणूस रोज सकाळी आम्हाला जबाबदारीवर भाषण देतो.

शेठ आले, बरोबर शेठाणीही आल्या. कावेरी केबिनमध्ये शिरली ती रंगाची जुनी बादली घेऊन. आईच्या शेतातली माती भरून तिने पावसाळ्यात त्या बादलीत बी लावलं होतं, आणि तूर आता फुलावर आली होती. तिने झाड मुळासकट उपसलं, सरांच्या नीट रचलेल्या कागदांवर माती सांडली, आणि एक गाठ नखाने फोडून शेठपुढे धरली. आत गुलाबी रंग होता.

“हे जिवंत आहेत,” ती म्हणाली. “यांच्यापासून मी पुन्हा सगळं उभं करते. पण माफी लिहिणार नाही. मी इथे नव्हते तेव्हा टाकी उघडली गेली.”

कोणी उघडली, असं शेठनी विचारलं. सर पंख्याकडे बघत राहिले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेठाणीच बोलल्या.

“हळद तो मैंने डाली. पण ढाकण मला कोणी खोलून दिलं, शशिकांतभाई?”

 माफीनाम्यासाठी ठेवलेला कोरा कागद शेठनी चुरगाळला, आणि दिवाळीनंतर कावेरी कायम झाली. सरांना कोणी काढलं नाही. असली माणसं शेवाळासारखी असतात, खरवडली तरी पुन्हा येतात.

यंदाच्या दसऱ्याला टाकीचं झाकण कुलुपात होतं. लॅबच्या दाराशी त्याच बादलीत नवी तूर उभी होती. शेठाणी मागे होत्या म्हणून सर ताट घेऊन भक्तिभावाने बादलीकडे निघाले, आणि हळदीची चिमूट त्यांनी झाडाच्या बुंध्याकडे नेली.

“बाहेरूनच, सर,” कावेरी म्हणाली.

सर थांबले. मग सगळ्या स्टाफसमोर खाली वाकून त्यांनी रंगाच्या बादलीला बाहेरून हळद-कुंकू लावलं, आणि सवयीने हातही जोडले.