दांडकं पोचलं

त्या लांबलचक हमरस्त्यावरचा तो एक चढ फार बदनाम होता. जड गाड्या तिथे गोगलगायीसारख्या चढत, मागच्यांचा धीर सुटे, ते ओलांडायला बाहेर निघत आणि माथ्यापलीकडून समोरची गाडी अंगावर येई. आता कुठे जड वाहनांसाठी तिथे वेगळी पट्टी बांधायला घेतली होती. शहाणपण उशिरा सुचलं, पण सुचलं. तोवर मात्र अर्धाच रस्ता खुला होता, आणि त्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जात.

खालच्या टोकाला चिमी झेंडा घेऊन उभी असे आणि माथ्यापलीकडच्या टोकाला तिचा थोरला भाऊ. एकमेकांना दिसायचा प्रश्नच नव्हता. म्हणून रीत अशी, की रांगेतल्या शेवटच्या गाडीवाल्याच्या हाती लाल दांडकं द्यायचं, आणि ती गाडी कोणती हे वॉकीटॉकीवर सांगायचं. त्या गाडीतून दांडकं पोचलं की रस्ता मोकळा.

आज दादा शेवटची गाडी कोणती ते सांगत नव्हता. काल त्याने मित्राची जीप रांग मोडून पुढे काढली होती आणि चिमीने ते मुकादमाच्या कानावर घातलं होतं. मुकादमाने सगळ्यांदेखत दादाची खरडपट्टी काढली. तेव्हापासून अबोला. सकाळपासून वॉकीटॉकीवर नुसतं "सोडल्या" आणि "आलं", बस. चिमीही काही कमी नव्हती, ती कशाला विचारतेय! दांडकं येतंय ना, मग झालं. दोघंही लग्नाच्या वयाची, आणि भांडण पाटी-पेन्सिलीवरून भांडावं तसं. शेवटी बाबाच समजूत घालायला निघाले होते, आपली जुनी राखाडी गाडी घेऊन, दादाच्या टोकाकडून.

दुपारी दांडकं एका मोटारसायकलवाल्याच्या हातून आलं. चिमीने ते घेतलं, "आलं" म्हणाली आणि थांबा-जाची पाटी फिरवली. सगळ्यांत पुढे खडीने भरलेला डंपर होता. तो घरघरत चढाला लागला, मागोमाग बाकीच्या गाड्या.

मोटारसायकलवाला बाजूला थांबून पाणी पीत होता. "बरं झालं लगेच सोडल्यात," तो म्हणाला. "वर त्या काकांना फार अवघडल्यासारखं झालं होतं."

"कुठल्या काकांना?"

"माथ्याच्या पलीकडे गाडी बंद पडलीय त्यांची. दांडकं त्यांच्याकडेच होतं. मी पुढे होतो, त्यांनी हाक मारून थांबवलं. म्हणाले, माझ्यापायी लोक खोळंबायला नकोत, तुम्ही नेऊन द्या."

चिमीने झटकन विचारलं, "गाडी राखाडी होती?"

"हो. बॉनेट दोरीने बांधलेलं."

लोकांना त्रास नको, लोकांना त्रास नको! जन्मभर बाबांचं हेच चाललेलं. तिला त्यांचा असा राग आला, की तिथेच रडू फुटलं असतं. तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "दादा! बाबा मध्येच अडकलेत! मी डंपर सोडलाय!"

"काय?" एवढंच आलं, आणि मग धावताना त्याने टाकलेल्या धापा. पण तो कितीही पळाला तरी वेळेत पोचणार नव्हता.

तिने पाटी 'थांबा'कडे फिरवून मागून येणारी मोटार अडवली आणि ती पाटी मोटारवाल्याच्या हातात कोंबली. "कुणालाही सोडायचं नाही!" आणि ती मोटारसायकलवर मागे बसली. "पळवा!"

ते रांगेच्या कडेकडेने, नव्या पट्टीच्या खडीवरून घसरत निघाले. डंपर माथ्याजवळ होता. चिमी झेंडा हलवून ओरडत होती, मोटारसायकलवाला हॉर्नवरून हात काढत नव्हता. डंपरवाल्याने आरशात पाहिलं आणि वैतागून हात झटकला. ओलांडायची घाई झालेले असे लोक त्याला रोजच भेटत.

डंपर माथ्यापलीकडे गेला. मग ब्रेक किंचाळले आणि मोठा आवाज झाला.

ती माथ्यावर पोचली तेव्हा राखाडी गाडीचं तोंड डंपरखाली चेपलं होतं. डंपरवाला खाली उतरून डोकं धरून बसला होता. "बाबा!" ती ओरडली.   तिने स्वतःला गाडीपर्यंत ओढत नेलं, काचेतून आत पाहिलं. आत कुणीच नव्हतं. मग ती वाकून गाडीखाली बघू लागली, आणि ते बघणं तिच्या जिवावर आलं होतं.

"अगं, काय झालं हे?"

बाबा मागे उभे होते. हातात पाण्याचा डबा. गाडी तापली म्हणून रस्ता दाबणाऱ्या रोलरवाल्याकडे ते पाणी मागायला गेले होते.

चिमी त्यांच्या छातीवर दोन्ही मुठी आपटत राहिली. डबा पडला, पाणी वाहून गेलं. बाबांनी तिला धरून ठेवलं.

तिच्या कमरेची वॉकीटॉकी ओरडत होती. "चिमे, बोल ना! शिव्या दे, काय वाटेल ते म्हण, पण बोल!" तिने ती उपसून बटण दाबलं. हुंदक्याशिवाय काही निघेना. पलीकडून दादाने हंबरडा फोडला.

बाबांनी तिच्या हातातून ती काढून घेतली. "अरे, मी आहे. मला काही झालं नाही. रडतोस काय?"

 अगदी बारीक आवाजात दादा म्हणाला, "बाबा, मी तिला सांगितलंच नाही हो."

"मी विचारलंच नाही," चिमी म्हणाली.

काय सांगितलं नाही आणि काय विचारलं नाही, हे बाबांना काही कळेना.