त्या सहा मैलांची सायकल

“...अन् ते सायकल का त्याची होती? पोलिसानं देल्लती म्हणे त्याले. काऊन का त्या दिवशी त्यानं...”

एवढंच कानावर पडलं आणि चक्कीचा पट्टा सुरू झाला. पुढं गल्लीतल्या रुखमाचे नुसते ओठ हलताना दिसले. ऐकणाऱ्या बाईनं तोंडावर पदर धरला. दोघींनी एकदम वळून माझ्याकडं पाहिलं. मी चक्कीच्या भिंतीला टेकून उभी होते, कॅरिअरवर ज्वारीचा डबा.

ती सायकल म्हणजे मीच, आणि आता बोलतेय तीही मीच. सायकलीला कान कुठले, असं म्हणाल. पण ऐंशीच्या वर वर्षं ओसरीवर उभं राहून गल्लीतलं बारीकसारीक ऐकलं, तर लोखंडालाही कान फुटतात. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची सून माहेराहून वेळेवर परतली नाही, सगळं मला ठाऊक असतं. चौकशीची खोड वाईट खरी, पण माणसं माझ्यासमोर बोलताना आवाज कमी करत नाहीत, त्याला मी काय करू?

त्या दिवशी मात्र ऐकलेलं माझ्याबद्दल होतं. आणि त्यातलं किती खरं, हे मला माहीत होतं. म्हणूनच चेनपासून घंटीपर्यंत शहारा गेला.

माझा जन्म विलायतेतला. बोटीनं मुंबई, मोठ्या रेल्वेनं पुलगाव आणि तिथून छोट्या गाडीनं आर्वी. आष्टीपासून चार कोसांवरच्या आमच्या या गावात कशी आले, ते पुढं सांगते. घर वासुदेवरावांचं. ते जाऊनही तीस वर्षं झाली. आता घरात त्यांची सून अनुसयाबाई, वय चौऱ्याहत्तर, आणि अनुसयाबाईंची नात गुंजन, कॉलेजात जाणारी.

या घरात माझा मान मोठा. दर दसऱ्याला मला धुतात, तेल घालतात, हिरवा रंग देतात. आपट्याची पानं वाहतात. आणि पुढच्या चाकाशी बाभळीचा एक काटा ठेवतात. ही चाल दुसऱ्या कुठल्या घरी मी पाहिली नाही. नजर लागू नये म्हणून असेल, असं गुंजनला वाटायचं. वासुदेवराव असताना काटा तेच ठेवायचे. ठेवला की थोडा वेळ डोळे मिटून बसायचे.

आता असं झालं होतं, की कालव्याच्या पाळीवरून आष्टीकडं जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही टोकांना फाटकं बसली. मोटारसायकल बंद, ट्रॅक्टर बंद. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कपाशी आणि संत्र्याचे बगीचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्धा, आर्वी, हिंगणघाटहून माणसं सायकली घेऊन येऊ लागली. बेचाळीसच्या लढाईत आपल्या भागात काय घडलं, आष्टीच्या मोर्च्यावर गोळ्या कशा चालल्या, ते थांबत थांबत ऐकायचं आणि आष्टीला जाऊन हुतात्म्यांना फुलं वाहायची.

आमच्या शिवारात जुन्या बाभळीखाली एक थांबा. तिथं फळा लावला होता: ‘मोर्चेकऱ्यांचे निरोप वासुदेवरावांनी याच वाटेने सायकलवरून पोचवले.’ ही हकिकत अनुसयाबाईंनी सांगितलेली. येत्या रविवारी सगळ्यांच्या पुढं गुंजन मला चालवणार होती आणि बाभळीखाली पणजोबांची गोष्ट सांगणार होती. पोरगी आठ दिवस पाठ करत होती.

आणि गावात रुखमाचं ते अर्धं वाक्य फिरत होतं.

बुधवारी गुंजननं मला बंडूजींच्या दुकानात नेलं. बंडूजी म्हणजे बसस्टँडजवळचे सायकलवाले. बोलणं कमी, हात चालू. रंगाचे थर सोलायला त्यांनी पॉलिश पेपर घेतला. हँडलच्या खाली घासता घासता त्यांचा हात थांबला. तिथं पितळेची पट्टी निघाली, दोन बोटं रुंद. वर मुकुट, खाली इंग्रजी अक्षरं आणि आकडा.

“गुंजन, जाय बरं, दोन चहा सांगून ये. अन् येताना आजीले घेऊन ये.”

अनुसयाबाई आल्या. बंडूजींनी चहाचा कप गुंजनच्या हातात देऊन तिला पलीकडच्या दुकानात ऑइल आणायला धाडलं. मग नुसतं बोट दाखवलं.

“पोलिसचा बिल्ला आहे जी हा, वहिनी.”

अनुसयाबाई दचकल्या नाहीत. ते मी पाहिलं, बंडूजींनीही पाहिलं.

“रंग मारून टाका.”

“तुम्हाले माहीत होतं?”

“रंग मारा म्हणते ना, बंडूजी.”

त्यांनी मारला. पण ब्रश फिरवताना एकदा म्हणाले, “रंग काय जी, मारतो. पण घासला का निघते.” अनुसयाबाई चहा तसाच ठेवून गेल्या.

रविवारी सकाळी फाटकाशी साठ-सत्तर सायकली जमल्या. चकचकीत, गिअरवाल्या, पातळ अंगाच्या. माझ्याकडं बघून एक मुलगी म्हणाली, “आई गं, किती गोड!” मी इतकी घाबरलेली होते, की ते कौतुक मला टोचलंच.

गुंजननं पाय टाकला तोच अनुसयाबाई पुढं आल्या. नऊवारी खोचलेली, पायात चपला.

“मीबी येतो.”

“आजी, तेरा किलोमीटर आहे आष्टीपर्यंत!”

“कॅरिअर कायले आहे मंग? डबल सीट ने.”

लोक हसले, टाळ्या पडल्या. म्हातारी एका अंगानं बसली आणि सीटखालची स्प्रिंग घट्ट धरली. वर गुंजन पेडल मारता मारता भाषण म्हणत होती, “माझे पणजोबा, वीस वर्षांचे, जिवाची पर्वा न करता...” प्रत्येक वाक्याला मागचा हात स्प्रिंगवर आणखी आवळत होता.

त्या रस्त्यावर हॉर्न नाही, धूर नाही. पाण्याचा आवाज, चेनची करकर, तुरीतून उडालेला तितर. चक्कीच्या आवाजात वाक्य बुडून जातं, इथं माणसाचा श्वासही ऐकू येतो. अनुसयाबाईंचा मला येत होता.

“गुंजन, थांब.”

“काय झालं आजी?”

“...काई नाई. चाल.”

असं तीनदा झालं.

बाभळीखाली बचत गटाच्या बाया पोहे घेऊन उभ्या होत्या. पोह्यांवर घालायच्या तिखट तर्रीच्या पातेल्याशी रुखमा. सगळे गोलात बसले. गुंजननं मला फळ्याला टेकवलं आणि सुरुवात केली. छान बोलत होती पोरगी. तेवढ्यात ती मघाचीच मुलगी, वर्षाली नाव तिचं, वर्ध्याहून आलेली, सहज विचारून गेली, “त्या काळात खेड्यातल्या मुलाकडं सायकल म्हणजे केवढी मोठी गोष्ट! कुठून घेतली होती त्यांनी?”

गुंजन थांबली. हे तिच्या भाषणात नव्हतं. “ते... आजी, कोठून घेतलती वं?”

रुखमानं पळी पातेल्यात सोडली. “सांगा ना काकू. तवा सायकली का झाडाले लागत होत्या?”

दोघीतिघी हसल्या. बंडूजी खाली मान घालून कुणाचं तरी पंक्चर काढत होते. मला वाटलं, आता अनुसयाबाई म्हणतील, आर्वीच्या बाजारातून. कोण तपासणार होतं? मी तर बोलू शकत नव्हते.

“बंडूजी,” अनुसयाबाई उठल्या, “तो तुमचा कागद द्या.”

त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि हँडलखाली घासू लागल्या. चार दिवसांचा रंग, लगेच निघाला. पितळ उन्हात चमकलं.

“पोलिसची होती,” त्या म्हणाल्या. “माहे मामंजी आष्टीच्या चौकीवर पाणी भरत, सायकली पुसत. मोर्च्याच्या आदल्या दिवशी जमादारानं त्याईले लखोटा देल्ला. म्हणे, आर्वीले पोचव, दुपारच्या आत. ते निघाले. सहा मैल गेले. सहाव्या मैलावर, याच बाभळीखाली, उतरले. काटा तोडला अन् स्वतःच्या हातानं टायरात टोचला. मंग सायकल ढकलत गेले. लखोटा दुसऱ्या दिवशी पोचला. तिथंच त्याईले समजलं, आष्टीले गोळ्या चालल्या म्हणून.”

पट्टीवरची रंगाची पूड त्यांनी पदरानं पुसली.

“मी लग्न होऊन आली, दोन दसरे झाले, तवा त्याईनं मले सांगतलं. म्हणे, सूनबाई, काटा मी टोचला हे खरं. पण आंधीचे सहा मैल मीच चालवली ना? तेबी खरं.”

“लखोट्यात काय होतं?” रुखमाचा आवाज आता चढा नव्हता. “माही सासू म्हणे, गावातल्या पोट्ट्यायची नावं होती.”

“असतीन. नसतीन. त्याईनं फोडला नाई.”

“अन् सायकल बक्षीस देल्ली म्हणे?”

“कोणी देल्ली नाई. ते आर्वीहून सायकल घेऊन सरळ घरीच आले. चौकी उठली, कोणी मांगायले आलं नाई. तुह्या सासूनं अर्धं सांगतलं, मीनं दुसरंच सांगतलं.”

गुंजनचे डोळे भरले होते. “आजी, तू मले काऊन खोटं शिकवलं?”

“चौथीत तुहं भाषण होतं, पंधरा ऑगस्टचं. सांगतलं बनवून. तुले कंपासपेटी भेटली. तू सगळ्या गावाले दाखवत फिरली. मंग मले मांगं फिरताच नाई आलं, बाई.”

खरं तर तिथं माझीही साक्ष हवी होती. मला तो काटा आठवतो. त्याआधीचं वासुदेवरावांचं थांबणंही आठवतं. ते बराच वेळ उभे होते. एकदा परत सीटवर बसलेसुद्धा. दोन पेडल मारले. मग उतरले. आणि अनुसयाबाईंना माहीत नाही ते हे, की काटा टोचताना ते मला म्हणाले होते, “माफ कर.” मलाच म्हणाले, की लखोट्यात ज्यांची नावं असतील त्यांना, हे मला अजून कळलेलं नाही. मोर्च्याच्या त्या दिवशी माझ्या एका दिवसाच्या उशिरानं कुणी वाचलं का, तेही नाही.

गुंजननं डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं, आता ही मागं फिरणार. तिनं मला फळ्यापासून काढलं.

“बस आजी. आष्टी अजून दूर आहे.”

“मी? आता?”

“बस म्हणते ना. सकाळी तर नाई म्हटलं तरी बसली.”

रुखमानं कागदात पोहे बांधून अनुसयाबाईंच्या हातात कोंबले. “मंग खाजा काकू. रस्त्यानं.” बस, एवढंच. ती माफी होती की नाही, ते मला विचारू नका. दुसऱ्या दिवशी चक्कीवर ती पुन्हा बोलत होतीच, पण चक्की बंद होईपर्यंत थांबून, पुरं वाक्य ऐकू येईल असं.

फळा आता बदललाय. गुंजननं स्वतः लिहिलाय. शेवटची ओळ आहे: ‘लखोट्यात काय होते, माहीत नाही.’ वाचून काही लोक हसतात, काही बराच वेळ उभे राहतात.

मी ओसरीवरच असते. ब्रेक ढिले झालेत, सीटचं चामडं फाटलंय. गेल्या दसऱ्याला मला रंग दिला नाही, नुसतं पुसलं. पट्टी चिंचेनं घासली. काटा गुंजननं ठेवला आणि डोळे मिटून बसली.

या कधी त्या रस्त्यानं. शांत आहे, सावली आहे. बाभळीशी थांबा. मग ओसरीवर येऊन मला हात लावून बघा, फोटो काढा, घंटीही वाजवा. वासुदेवरावांना मोठं करू नका आणि लहानही करू नका. ते सहा मैल मीही चालले होते. आणि ब्रेक तर माझ्याकडंच होते.