बारा ते तीनचा खेळ

वाचनालयाचे सचिव पुंडलिकराव सकाळीच घरी आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "गुरुजी, येत्या रविवारी तुमचं भाषण ठेवलं. जुने पिक्चर आन् नवे पिक्चर. तुमचं मत सांगाचं."

मी म्हणालो, "मला मत नाही."

"असं कसं? मागं तुमी त्या पिक्चरवर बोलले होते, किती हासवलं होतं लोकाईले! मले अजून आठवते." आणि चहा न घेताच ते गेले.

आत वच्छला सुपात तूर पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

'मागं' म्हणजे तेहतीस वर्षांपूर्वी. तेच वाचनालय, तोच हॉल. आणि 'तो पिक्चर' म्हणजे आमच्या घरात ज्याचं नाव कुणी घेत नाही तो. लग्नाआधी मी तो इथे हिंगणघाटला पाहिला होता आणि वच्छलाने पुलगावला. तिचं माहेर नाचणगाव, तिथून पुलगावचं टॉकीज पायी जाण्यासारखं. लग्नानंतर पहिल्यांदा आमचं काही बोलणं झालं असेल तर ते त्या चित्रपटावरच, आणि पहिलं भांडणही त्याच्यावरच.

गोष्ट साधी होती. एका वकिलाची बायको एक दिवस कुणाला न सांगता घर सोडून टांग्यात बसून निघून जाते. बारा वर्षांनी ती दूरच्या एका गावात मुलांना शिकवताना सापडते. वकील तिच्यापुढे उभा राहून म्हणतो, मी तुला माफ केलं. ती त्याच्याकडे पाहून हसते आणि चित्रपट संपतो. मी म्हणत असे, ते हसू कृतज्ञतेचं आहे. एवढा मोठा अपराध आणि एवढी मोठी क्षमा. वच्छला म्हणत असे, "अपराध कोनाचा? त्यानंच तं तिले जाय म्हनलं. मी निरोप धाडल्याबिगर येजो नको, असं म्हनते तो. आन् निरोप धाडतच नाई." मी म्हणत असे, असा प्रसंग चित्रपटात नाहीच. ती म्हणत असे, आहे.

तेहतीस वर्षांपूर्वी त्या भाषणात मी क्षमा या विषयावर बोललो. दोन संस्कृत वचनंही सांगितली. लोक कंटाळलेले दिसले, म्हणून मी घाबरून एक विनोद केला. मी म्हणालो, "आमच्या घरी एक समीक्षक आहेत. चित्रपटात नसलेले प्रसंगसुद्धा त्यांना दिसतात." हॉल हसला. आयुष्यात माझ्या बोलण्यावर हॉल हसला तो तेवढा एकदाच. वच्छला बायकांच्या रांगेत बसली होती. सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

त्या दिवसानंतर ती माझ्यासोबत कोणत्याही चित्रपटाला आली नाही, आणि माझ्या कोणत्याही भाषणालाही नाही. भांडली नाही, रुसली नाही. "तुमी जाऊन या" एवढंच म्हणत राहिली. तेहतीस वर्षं मला वाटत आलं की आपण काहीतरी बोलायला हवं. पण काय, ते कळलं नाही. कारण तो प्रसंग चित्रपटात नव्हताच ना.

भाषणासाठी मी वही घेऊन बसलो. जुन्या चित्रपटांबद्दल एक पान लिहिलं आणि खोडलं. नव्यांबद्दल काय लिहावं हे तर मुळीच सुचेना. माझी नात प्रेरणा नागपूरला शिकते. तिने मला दोनदा तिथल्या मोठ्या थिएटरमध्ये नेलं होतं. खुर्ची इतकी मऊ की मागे सरकली आणि मी झोपलोच, हे खरं सांगायला हवं. पण जागा होतो तेव्हाही मला फार काही समजलं नाही. नायक आधी म्हातारा होता, मग तरुण झाला, मग मेला आणि मग त्याचं लग्न झालं. गाणं चालू होतं पण कुणाचे ओठ हलत नव्हते. खलनायकाला लहानपणी फार मारलेलं होतं, त्यामुळे त्याचा राग यावा की कीव यावी हे मला ठरवता येईना. दुसरा चित्रपट मराठी होता. त्यातली माणसं आमच्यासारखं बोलत होती, फक्त ती जरा जास्तच आमच्यासारखं बोलत होती. दोन्ही वेळा बाहेर पडताना मला वाटलं की मधलं काहीतरी मला दाखवलंच नाही. प्रेरणाला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "आबा, ते तुमाले जोडून घ्याचं असते मनात." मनात जोडायचं तर तिकीट कशाला काढायचं? पण हे मत आहे की तक्रार, याची मला खात्री नव्हती. म्हणून तेही खोडलं.

शनिवारी प्रेरणा घरी आली. माझी वही पाहून म्हणाली, "आबा, सगळं खोडलेलंच हाय! मंग तोच पिक्चर पुन्हा पाहा ना. मोबाइलवर असन." तिने दोन मिनिटांत तो शोधला. मोबाइल शब्दकोशाला टेकवून ठेवला आणि ती आजीकडे आत गेली.

मी पाहू लागलो. टांगा, वकिलाचं घर, पहिलं गाणं, सगळं ओळखीचं होतं. दुसरं गाणं संपलं. आता ती टांग्यात बसणार, असं मी मनात म्हटलं. पण ती बसली नाही. वकील खिडकीपाशी पाठ करून उभा होता. ती दाराजवळ होती. आणि तो, पाठ न वळवता, म्हणाला की तू जा. मी निरोप पाठवेपर्यंत येऊ नकोस. कुणाला काही सांगू नकोस.

मी चित्रपट थांबवला. म्हणजे थांबवायला गेलो आणि तो बंदच झाला. प्रेरणाला हाक मारून पुन्हा लावून घेतला. पुन्हा तेच. नऊ-दहा मिनिटांचा प्रसंग, नुसतं बोलणं. मग टांगा. पुढे मी शेवटपर्यंत पाहिलं. तो म्हणाला, मी तुला माफ केलं. ती हसली. तेच हसू, तीच नटी. पण मला तिच्याकडे बघवेना.

मी प्रेरणाला हळूच विचारलं, "हे मागाहून कुणी जोडलं असेल का?"

"पन्नास वर्षं जुना पिक्चर हाय आबा. कोन कशाले जोडन?"

तेव्हा मला स्वतःची शंका आली. तो प्रसंग चालू असताना मी झोपलो होतो का? की पाहिला आणि मला नको होता म्हणून विसरलो? दुसरं मला जास्त शक्य वाटलं. वच्छलाला काही न सांगता मी चपला घातल्या आणि हेमराजकडे गेलो.

हेमराज आमच्या जुन्या टॉकीजमध्ये मशीन चालवत असे. टॉकीज केव्हाच पडलं. आता तो मुलाच्या पिठाच्या चक्कीवर बसतो. मी त्याला चित्रपटाचं नाव सांगितलं. तो डबा खाली ठेवत म्हणाला, "गुरुजी, तुमी कोनता खेळ पाह्यला होता?"

"बारा ते तीन. माझी सकाळची शाळा असे."

"मंग बराबर हाय." तो हसायला लागला. "बारा ते तीनले मिलचे लोक येत. तीनचा भोंगा झाला का मिलचं गेट बंद. लंबा पिक्चर असला का लोक शेवट सोडून पळत आन् मंग मालकाले शिव्या देत. मालक म्हने, हेमराज, बाराच्या खेळाले एक रीळ कमी चालव. म्या म्हनलं, कोनतं? तं म्हने, ज्या रिळात गानं नाई आन् मारामारी नाई, ते काढ."

"आणि या चित्रपटात?"

"त्याच्यात एका रिळात दोघं नुसते बोलून राह्यले होते. तेच काढलं. सहाच्या खेळाले पुन्हा लावो. कोनी काई म्हनलं नाई बाप्पा. तुमीच पहिले. पन्नास वर्षांनं!"

मला हसू आलं नाही. मी मनात हिशेब करू लागलो की बारा ते तीनला मी आणखी किती चित्रपट पाहिले. तिशीपर्यंत जे पाहिलं ते सगळं बारा ते तीनलाच. त्या चित्रपटांवरून मी माणसांबद्दल काय काय मतं बनवली असतील, आणि त्यांतल्या कशाकशातून एक रीळ काढलेलं असेल, हे आता कसं कळणार?

घरी आलो तेव्हा वच्छला अंगणात वाळत घातलेली तूर गोळा करत होती. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो. सगळं सांगितलं. नीट सांगता आलं नाही. आधी भोंगा सांगितला, मग मोबाइल, मग पुन्हा भोंगा. शेवटी म्हणालो, "तो सीन होता. तुझं बराबर होतं. माझं चुकलं."

तिने तूर पोत्यात ओतली. म्हणाली, "मले तं मालूमच होतं. आता तुमाले मालूम झालं."

"मग रागावली आहेस का?"

"अजी, तुमी घरात सांगून राह्यले. हासले तं लोक हॉलात होते ना?"

आणि ती पोतं घेऊन आत गेली. मी तसाच बसून राहिलो. ती म्हणत होती ते मला समजलं होतं; एरवी मला इतक्या लवकर कधी काही समजत नाही.

रविवारी मी एकटाच निघालो. "तू येतेस का?" असं विचारायचं होतं, पण ती न्हाणीत होती. की मी ती न्हाणीत असतानाच निघालो, हेही असू शकेल.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. बहुतेक माझ्याच वयाची, मिलमधून निवृत्त झालेली. पुंडलिकरावांनी माझी ओळख करून दिली. मी वही उघडली. तिच्यात खोडलेलंच सगळं होतं. मान वर केली तर शेवटच्या रांगेत प्रेरणा बसत होती. तिच्या बाजूला वच्छला. लग्नाला जाताना नेसते ते लुगडं नेसून.

मी म्हणालो, "मी तेहतीस वर्षांपूर्वी इथे एक विनोद केला होता. तो चुकीचा होता." पुढे काय बोललो ते सलग आठवत नाही. रीळ, मिल, वकील, सगळं सांगितलं. "माझ्या पत्नीला चित्रपटात नसलेला प्रसंग दिसला नव्हता. मलाच असलेला दिसला नव्हता. मी तिची माफी मागतो."

मला वाटलं होतं की हॉल शांत होईल. तसं काही झालं नाही. दुसऱ्या रांगेतून एकजण उठला. "गुरुजी, असा सीनच नाई त्या पिक्चरात. म्या तीन वेळा पाह्यला!"

"कोनता खेळ?" मागून कुणीतरी ओरडलं.

"बाराचा! मी सेकंड शिफ्टले होतो."

"मंग चूप बस ना! आमी सहाले पाह्यला. हाय तो सीन."

"तू सहाले कोनासंगं गेलतास, ते सांग पहिले!"

हशा झाला. मग दोन बाजूच पडल्या. बारावाले आणि सहावाले. पन्नास वर्षं एका गावात राहून ही माणसं वेगवेगळा चित्रपट पाहून बसली होती. पुंडलिकराव टेबलावर हात आपटत म्हणाले, "शांत राहा! मीबी पाह्यला हाय. बायको सोताच निंघून जाते. गुरुजींचा काईतरी घोटाळा झाला."

मी गोंधळलो. माफी मागून झाली होती, पण तिच्यावर कुणाचा विश्वासच नव्हता. मग मला एवढंच सुचलं. मी म्हणालो, "ज्यांनी पाहिला त्यांनीच सांगावा. वच्छलाबाई, या पुढे."

ती येणार नाही असं मला वाटलं. ती आली. माइकपासून हातभर दूर उभी राहिली आणि सांगू लागली. वकील खिडकीपाशी उभा आहे. तिच्याकडे पाहत नाही. म्हणतो, जाय. मी निरोप धाडल्याबिगर येजो नको. "बायको काई म्हनत नाई. पदर घेते आन् निंघते. उंबरठ्यापर्यंत जाते. मंग परत येते. त्याले वाटते, आता पाया पडन. तं ते सयपाकघरात जाते. चुलीवर दूध उतू जाऊन राह्यलं असते. ते उतरवते. झाकन ठेवते. आन् मंग जाते."

हॉल आता शांत झाला. बायकांच्या रांगेत कुणीतरी डोळ्याला पदर लावला.

"हाव," पुंडलिकराव हळूच म्हणाले. "दूध उतरवते. आठवलं मले."

सहावाल्यांनी माना डोलावल्या. बारावाल्यांतल्याही दोघांनी डोलावल्या. मला डोलावता आली नाही. कारण मी तो प्रसंग काल दोनदा पाहिला होता. त्यात दूध नाही. स्वयंपाकघर नाही. ती उंबरठ्यावरून परत येतच नाही.

मग पुलगावच्या टॉकीजमध्ये काय दाखवलं? की मोबाइलमधल्या चित्रपटातूनही कुणीतरी काही काढलं आहे? की वच्छलाने ते दूध स्वतःच उतरवलं, केव्हातरी, इतक्या वर्षांत? पुंडलिकरावांना ते कसं आठवलं, हे तर मला अजून कळलेलं नाही. प्रेरणा शेवटच्या रांगेतून माझ्याकडे पाहत होती. तिनेही चित्रपट लावून देताना तो प्रसंग पाहिला असावा. मी तिला मान हलवून 'बोलू नको' अशी खूण केली.

परत येताना वच्छला माझ्या बाजूने चालत होती, एक पाऊल पुढे. वेणा नदीच्या पुलाकडे वळणाऱ्या रस्त्यावर ती म्हणाली, "अजी, मोबाइलात दुधाचा सीन होता ना?"

मी म्हणालो, "मले काय इचारतेस? मी बारा ते तीनवाला."

ती हसली. ते हसू कसलं होतं, यावर मी या वेळी मत बनवलं नाही. पुढच्या रविवारी प्रेरणा आम्हा दोघांना नागपूरला नेणार आहे. कोणता चित्रपट आहे ते मला माहीत नाही. वच्छला म्हणाली आहे की झोपलात तर उठवीन.